चालेल ना?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज आईने मला चांगलंच पकडलं. आत्याशी फोनवर माझ्या लग्नाबद्दल बोलत होते. ती शेजारी बसून मेथी निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "नऊ वेळा 'चालेल ना?' म्हणालीस. आमंत्रण देत होतीस की परवानगी मागत होतीस?"

बेत ठरून महिना झाला. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या आठवड्यात, सकाळी 11 वाजून 52 मिनिटांचा मुहूर्त, दीडशे माणसं, पंगत. एवढंच. पण इंदुरात लग्न म्हणजे रात्र. डोक्यावर दिवे घेतलेली माणसं, बँड, वाटेतल्या प्रत्येक चौकात नाच. माझ्या मावसबहिणीचंसुद्धा रात्रीच लागलं, आणि अंतरपाट धरेपर्यंत भटजी पेंगत होते.

हॉलवाला पहिल्यांदा म्हणाला, "दिन में? मैडम, लाइटिंग का पूरा पैकेज बेकार जाएगा." मी आजीच्या जागरणाचं कारण दिलं. त्याने आजीसाठी एसी रूम देऊ केली. पाहुण्यांच्या गाड्यांचं सांगितलं, तर त्याच्याकडे त्यावरही तोड. दहा मिनिटांनी मीच रात्रीचे भाव विचारत होते! दुसऱ्या खेपेला कारणं घरी ठेवून गेले. "दिन में. लाइटिंग नहीं. भाव बताइए." त्याने गुपचूप कॅल्क्युलेटर काढला.

केटररचं तसं नाही. त्याला ठामपणा नको होता, आकडे हवे होते. बुफेची माणसं पंगतीला उपयोगाची नाहीत, वाढपी वेगळे लागतात. एका पंगतीला किती पानं, दोन पंगतींमध्ये किती वेळ. मी "अंदाजे" म्हटलं की तो चाटचा काउंटर मध्ये घुसवायचा. शेवटी कागदावर लिहून दिलं: पंचाहत्तरच्या दोन पंगती, मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. (मठ्ठा म्हणजे नुसती छाछ नव्हे, आलं-मिरची वाटून, हे दोनदा अधोरेखित.) सकाळच्या पोहे-जलेबीवर मात्र तो अडून बसला. तिथे मी वाद घातला नाही. या गावात पोह्यांना नाही म्हणणारी मी कोण!

काकांची शंका वेगळीच: "तासाभरात कसलं लग्न?" काका स्वतः वकील. म्हटलं, 1955 चा हिंदू विवाह कायदा काय म्हणतो? सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. "कलम 7," ते चष्मा पुसत पुटपुटले आणि पेपर उघडला.

होणाऱ्या सासूबाई अस्सल मालवी. त्यांना "बारात नाही" हे सांगायला तीन रविवार टाळाटाळ केली. शेवटी सांगितलं आणि कधी नव्हे ती गप्प बसले. त्याही गप्प. मग म्हणाल्या, "बेटा, घोड़ी तो आएगी ना?" तर घोडी येणार, सकाळी दहाला, हॉलच्या फाटकापासून दारापर्यंत. एवढ्यासाठी मी तीन रविवार झोप घालवली.

आणि आजी. तिला सगळा बेत एका दमात सांगितला, एकदाही न अडखळता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवक कुठे बसवणार? घरी की हॉलवर?" आई माझ्याकडे, मी आईकडे. महिनाभरात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या भटजींना फोन.

संध्याकाळी पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला द्यायला गेलो. इंदुरात पहिला मान त्याचाच. रांगेत आमच्या पुढे-मागेही हळदीकुंकू लावलेली पाकिटं घेतलेली माणसं. नंबर आल्यावर हात जोडून मनातल्या मनात तारीख, वेळ, हॉल, सगळं नीट सांगितलं. आणि शेवटी निघालंच तोंडून, तेही मोठ्याने:

"चालेल ना?"

आई फस्सकन हसली. पुजाऱ्यांनी पत्रिका घेतली आणि मागच्याला पुढे बोलावलं.