पैलवानाचा डोळा

कोल्हापुरात डोळ्यांची ओपीडी चालवायची म्हणजे तालमीतली पोरं येणारच. त्या दिवशी तर वस्ताद स्वतः पोराला घेऊन आले, पोरगं जेमतेम अठरा-एकोणीसचं, उजवा डोळा लालभडक आणि उजेड सोसवेना म्हणून टॉवेल धरलेला. वस्ताद म्हणाले, "मॅडम, हौद्यातली माती गेलीय, तेवढी काढून द्या, पुढच्या आठवड्यात मैदान हाय."

माझं लक्ष मात्र भुवईकडं गेलं. तिथं बारीक पाणीदार फोडांचा पुंजका होता, काही फुटून खपली धरलेली. "कुस्तीत घासलंय" म्हणाला. कापसाचं टोक बुबुळाला हळूच लावलं तर पोरगं दचकलंच नाही, एवढी संवेदना कमी झालेली. मग जखम दाखवणारा फ्लुरोसीनचा रंग डोळ्यात टाकून निळ्या उजेडात बघितलं आणि झाडाच्या फांदीसारखी हिरवी रेघ चमकली, टोकांना बारीक गाठी. हर्पीस सिम्प्लेक्स, पाणीदार फोड आणणारा विषाणू!

"काही औषध घातलंस का रे?" खिशातनं बाटली निघाली, मेडिकलमधनं बिनचिठ्ठीची आणलेली, स्टिरॉईडची. मला खरंच राग आला, पोरावर नाही, अशी बाटली सहज हातात देणाऱ्यावर. या ड्रॉपनं लाली उतरते, पेशंटला वाटतं गुण आला, आणि तोवर आत विषाणू मोकाट वाढतो, जखम रुंद होत जाते, वेळेत थांबलं नाही तर बुबुळाला भोकसुद्धा पडतं.

वस्तादांना पटेना. "मॅडम, आमच्या मातीत हळद, ताक, लिंबू असतंय, त्यात कसला रोग ऱ्हातोय?" मी म्हटलं वस्ताद, मातीचा काही दोष नाही, हा पसरतो कातडीला कातडी घासून, आणि तुमची पोरं तर डोक्याला डोकं लावूनच भिडतात. 1989 साली अमेरिकेत मिनेसोटाला कुस्तीचं शिबिर होतं, 175 पैलवानांपैकी 60 जणांना हेच झालं, बहुतेकांना डोक्या-चेहऱ्यावर, आणि काहींचे डोळेही आले. तिथं तर मातीही नव्हती, मॅटवरची कुस्ती.

वस्ताद जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ह्याच्या जोडीला आणि दोघं लढत्यात, त्यांनाबी आणू?" आणा म्हटलं, आजच आणा. संध्याकाळी आले, त्यातल्या एकाच्या मानेवर तसेच फोड! पहिल्याला स्टिरॉईड बंद करून दिवसातनं पाच वेळा असायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाचं मलम, मानेवाल्याला गोळ्या, दोघांचे टॉवेल वेगळे आणि खपल्या वाळेपर्यंत हौद्यात उतरायचं नाही.

मैदान हुकलं म्हणून पोराच्या डोळ्यात पाणी आलं, वाईट वाटलं. पण जखम भरली, नजर वाचली. हा विषाणू नसेत जन्मभर दबा धरून बसतो, ताप आला, अंगावर ताण आला की परत उठू शकतो, म्हणून त्याला एवढंच बजावून ठेवलंय की डोळा जरा जरी लाल झाला तरी मेडिकलची पायरी चढायची नाही, थेट इकडं यायचं.