नातवंडं, आबा आणि खोपोलीचे नऊ किलोमीटर

"खोपोलीला उतरलात की झालं, समोरच पार्क." हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं. तिघेही स्वतःच्या गाडीने गेले होते हे घरी परत आल्यावर कळलं. तेव्हा पहिली गोष्ट पहिल्यांदा सांगते: इमॅजिका, म्हणजे ते राइडचं पार्क, खोपोलीत नाही. ते खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे, स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर. आम्ही नऊ धरले. या नऊ किलोमीटरांनी माझं जे काही केलं ते पार्कातल्या एकाही राइडने केलं नाही.

आम्ही चौघं. मी अडुसष्ट, डाव्या कानाला मशीन. आबा शहात्तर. नात रेवा आठ वर्षांची, नातू ओजस चारचा. लेक-जावयाला सुट्टी नव्हती आणि "दोन दिवस आम्ही नेतो" हे मीच बोलून बसले होते. तेही नाताळच्या सुट्टीत. हा आमचा निव्वळ मूर्खपणा. शाळेला सुट्टी असली तरी नाताळात जाऊ नका, एखादा साधा मंगळवार-बुधवार बघून दोन दिवस शाळा बुडवा. मी तीस वर्षं बँकेत नोकरी केलेली, हजेरीला जपणारी बाई आहे, तरी सांगते, बुडवा.

डोंबिवलीहून ट्रेन, कारण ओजसला ट्रेन. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. "लौजी" या नावावर तो दहा मिनिटं हसत होता. प्रवास छान झाला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच की खोपोलीच्या गाड्या मोजक्या आहेत, तास-दीड तासाचं अंतर पडतं. डोंबिवलीच्या सवयीने "ही गेली तर पुढची" म्हणत बसलात तर कर्जतला बाकावर बसून वडे खाल. वडे चांगले असतात, पण पोरांचा दिवस जातो. पुण्याकडून येणाऱ्यांनाही कर्जतलाच उतरून गाडी बदलावी लागते.

स्टेशनबाहेर रिक्षा होत्या. मीटर नाही. एकजण पुढे आला, चाळिशीतला, कपाळाला गंध, बोलायला अगदी मधाळ. "या आजी, नातवंडं का? चला." किती? "चारशे." आबा म्हणाले, "जाऊन येऊन?" तो म्हणाला, "बघू की आबा, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचंय." आणि नंबर दिला. संध्याकाळी फोन करा, न्यायला येतो. आम्ही बसलो. आबांच्या मते चारशे हे जाऊन-येऊन ठरलं. माझ्या मते काहीच ठरलं नाही. "बघू" म्हणजे काय ते संध्याकाळी आठ वाजता कळतं.

आता पार्क. पार्क चांगलं आहे, स्वच्छ आहे, 2013 पासून चालू आहे, आणि त्याच्या कौतुकाचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मी व्हिडिओत नसलेलं सांगते. तिकिटाचा हिशोब मुलांच्या वयावर नाही, उंचीवर आहे. राइडमध्ये बसायचं की नाही तेही उंचीवर. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी पट्टी असते. म्हणून घरी दाराच्या चौकटीला मुलांना अनवाणी उभं करून सेंटिमीटरमध्ये मोजा, पार्कच्या यादीशी ताडून बघा आणि कुठली राइड मिळणार नाही ते घरीच सांगून टाका. रडणं घरीच होऊ दे. पाऊण तास रांगेत उभं राहून झाल्यावर होणारं रडणं वेगळ्या जातीचं असतं.

आम्ही हे केलं नव्हतं. रेवाने मात्र आपल्या परीने तयारी केली होती. सकाळी "आजी, अगदी वर बांध" म्हणून हट्टाने डोक्याच्या मध्यावर अंबाडा घालून घेतला होता. मला वाटलं हौस. एका राइडच्या पट्टीपाशी ती गेली, मान ताणली, टाचा किंचित उचलल्या. तिथल्या मुलीने काही न बोलता दोन बोटांनी तो अंबाडा हलकेच खाली दाबला आणि हसून मान हलवली. रेवा रडली नाही. बाहेर येऊन तिने अंबाडा सोडला, रबर मनगटात घातलं आणि म्हणाली, "चल, ओजसच्या हत्तीत बसू."

तो हत्ती म्हणजे टब्बी टेक्स ऑफ, गोल गोल उडणारे हत्ती. ओजस चार वेळा बसला. घोड्यांच्या चक्रात दोनदा, गाड्या चालवायला एकदा. चार वर्षांच्या मुलाला यापलीकडे काही लागत नाही. सगळं पार्क पायाखाली घालायचंच या ईर्ष्येने त्याला फरफटवू नका. मी दुपारी एकपर्यंत तेच करत होते.

चौघांचं गणित मात्र नीट समजून घ्या. मोठीला एकीकडे जायचंय, धाकट्याला तिथे प्रवेश नाही. म्हणजे एक म्हातारं माणूस रांगेत उभं आणि दुसरं धाकट्याला घेऊन बाकावर. आबांनी त्या दिवशी पाच-सहा तास बाक सांभाळला. ब्लडप्रेशर, हृदय, पाठ, मान यातलं काहीही असेल तर बऱ्याच राइड तशाही बंद, पाट्या लिहिलेल्याच असतात. त्यामुळे तिसरं कुणीतरी तरुण सोबत न्या. भाचा, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कुणीही. त्याचं तिकीट तुम्ही काढा. दोन आजी-आजोबा आणि दोन नातवंडं ही जोडणी चुकीची आहे, माझं मत पक्कं झालंय.

पण राजासॉरसची होडी! तिथे रेवाची उंची बसली आणि सोबत मी गेले. राजासॉरस हा खरा डायनासोर बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. हे मी रांगेत रेवाला सांगत होते, पुढची दोन मुलंही मागे वळून ऐकू लागली. बसण्याआधी कानाचं मशीन काढून, रुमालात गुंडाळून आबांच्या वरच्या खिशात ठेवलं. होडी अंधारातून फिरते, वर चढते आणि मग धाडकन पाण्यात उतरते. मला फक्त घुमल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. रेवा नंतर म्हणाली, "आजी, सगळ्यात जोरात तू ओरडलीस." मला माझीच किंकाळी ऐकू आली नव्हती. नखशिखांत भिजले, साडी नेसून गेले असते तर फजितीच होती. अडुसष्टाव्या वर्षी असं ओरडायला मिळतं यासाठी मी सगळं माफ केलं असतं, रिक्षा सोडून. कानाचं मशीन, कवळी, चष्मा यांची सोय आधी करा आणि बदलायला एक कोरडा जोड पिशवीत ठेवा. मुलांचा सगळेच ठेवतात, स्वतःचा कुणी ठेवत नाही.

तर संध्याकाळ. मुलांना परेड बघायची होती, त्यामुळे उशीर झाला. बाहेर पडलो तेव्हा ओजस आबांच्या खांद्यावर झोपलेला. जागा असताना तो चौदा किलोचा असतो, झोपला की वीसचा होतो. फोन लावला. "आलोच." चाळीस मिनिटं. गाडीवाले भराभर निघून जात होते, डिसेंबरची हवा, माझे केस अजून ओले. मग तो आला, तोच मधाळ माणूस, तेच गंध. "आठशे." सकाळी चारशे म्हणालात! "ते यायचे. आता रात्र झाली, रिकामं यावं लागतं." आबा म्हणाले, जाऊन-येऊन ठरलं होतं. तो म्हणाला, आजींना विचारा. मी म्हणाले, असं काही ठरलं नव्हतं. खरं तेच बोलले, पण चुकीच्या वेळी बोलले. आबा म्हणाले, "तुला ऐकू आलं नसेल." रेवा म्हणाली, "ते 'बघू' म्हणाले होते." रिक्षावाला हसला आणि आम्ही आठशे दिले. अठरा किलोमीटरचे बाराशे, वर पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या कानावर आळ. लॉजपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

लॉज पाली फाट्याकडचा. "पार्कपासून पाच मिनिटं" अशी जाहिरात होती, ती पाच मिनिटं रिकाम्या हायवेवरून भरधाव जाणाऱ्या मोटारीची. जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे लावले, गादी म्हणजे सतरंजीची थोरली बहीण. विषय संपला.

खरी चपराक दुसऱ्या दिवशी बसली. बल्लाळेश्वराला जायचं म्हणून सकाळी खोपोलीहून पालीची एसटी पकडली. आबांचं वय पंचाहत्तरीच्या वरचं, म्हणून तिकीट फुकट, आधार कार्ड दाखवलं. ओजस पाचाच्या आतला, फुकट. रेवाचं अर्धं. माझं अर्धं. मी ज्येष्ठ म्हणूनही अर्धी आणि बाई म्हणूनही अर्धी, तर दोन्ही मिळून फुकट होतं का, असं मी विचारलं. होत नाही. पण चौघांचं मिळून एक पूर्ण तिकीट! आणि मग खिडकीतून रेवा ओरडली, "आजी, आपलं पार्क!" पार्काची पाटी, तोच रस्ता, आणि आमची एसटी त्याच्या समोरून खडखडत चाललेली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, अजून आहे.

पालीला दर्शन छान झालं, गर्दी नव्हती.

तेव्हा जाणाऱ्यांनी एक करा. सकाळी खोपोलीहून पालीकडे जाणारी एसटी विचारा आणि पार्काच्या फाट्याला उतरायचंय हे कंडक्टरला चढतानाच सांगा. चालायचं थोडं आहे, पण पार्कात दिवसभर चालणार आहातच, तेवढं होत नसेल तर मुळात जाऊ नका. परतीला एसटीच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळच्या फेऱ्या विरळ. रिक्षा करायची तर दोन्ही वेळचे मिळून किती, किती वाजता आणि कुठे, हे त्याच्याच समोर त्याच्या नंबरवर मेसेज करून "हो" लिहून घ्या. तो "बघू" म्हणाला तर दुसरी रिक्षा बघा. पार्काच्या बसचं पॅकेज आपल्या शहरातून मिळतं का, तेही तिकीट काढतानाच बघा. मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, पोरांची ट्रेनची हौस दुसऱ्या कशाने तरी भागवा.

आई-बाप सोबत नसतील तर त्यांच्या हातचं एक पत्र, मुलांच्या आधारची झेरॉक्स आणि तापाचं औषध किती मिली द्यायचं ते बाटलीवरच लिहून घेतलेलं असू द्या. मुलांच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. तुमचा नाही, जो फोन उचलतो त्याचा. आमच्यात तो आबांचा निघाला.