बाहेरचं सगळं बंद पडलं तर: गावाकडचं घर तयार करण्याचा माझा अनुभव

वीज, इंधन, दुकानं, दवाखाना, रस्ते हे सगळं एकदम आणि दीर्घकाळ थांबलं, तर गावाकडचं घर आधी कुठे अडेल? उपाशी राहायची वेळ यायच्या कितीतरी आधी ते पंपाच्या वायसरवर अडेल. म्हणून मी साठ्याची यादी बाजूला ठेवली आणि घरातल्या प्रत्येक गरजेच्या वस्तूसाठी वहीत तीन रकाने आखले: ही कशामुळे बंद पडेल, तो भाग किती काळ टिकतो, आणि तो हाताने बनवता येतो का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं की दोनच मार्ग उरतात. सुटे भाग भरपूर घेऊन ठेवायचे, नाहीतर ती वस्तूच काढून तिच्या जागी साधी वस्तू आणायची. जिथे शक्य होतं तिथे मी दुसरा मार्ग धरला.

सुरुवात पाण्यापासून, कारण बाकी सगळं त्याच्यामागून येतं. पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता धरून माणशी रोज १५ लिटर हा किमान हिशेब. पाच माणसांना रोज ७५ लिटर, म्हणजे आठ कोरड्या महिन्यांना १८,००० लिटर. छपराचा हिशेब त्याहून सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस असेल, तर उडालेलं आणि सांडलेलं वजा जाता सुमारे ३३,६०० लिटर हाती येतं. छप्पर पुरतं, टाकी पुरत नाही. बहुतेक घरांची अडचण हीच असते. मी गरजेपेक्षा चौथा हिस्सा जास्त धरला: ३ बाय ३ मीटर, खोली अडीच मीटर, म्हणजे साडेबावीस हजार लिटर.

पन्हळीला दर मीटरला ५ ते १० मिलिमीटर उतार हवा. कमी दिला तर पाला कुजून साचतो, आणि तिथेच डास होतात. पहिल्या पावसाचं पाणी, म्हणजे छपराच्या दर चौरस मीटरमागे निदान एक लिटर, वेगळ्या उभ्या नळीत किंवा पिंपात वळवायचं. पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ त्यातच जाते. या पिंपाच्या तळाला बारीक भोक ठेवतात, म्हणजे पुढच्या पावसाआधी ते आपोआप रिकामं होतं. नेमकं हेच भोक गाळाने बुजतं. मग पिंप भरलेलंच राहतं आणि छपराची सगळी घाण सरळ टाकीत उतरते. भोकाआधी जाळी बसवा आणि पावसाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तार घालून ते मोकळं करा. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. पाणी काढायची तोटी तळापासून १० ते १५ सेंटिमीटर वर असावी, आणि वरचं पाणी सांडायच्या नळीवर मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी असावी. छपरावर शिशाचा पत्रा किंवा शिशाचा जुना रंग असेल तर ते पाणी पिण्यात घेऊ नका. उकळून शिसं जात नाही.

विहिरीवर हातपंप बसवताना भौतिकशास्त्र विसरून चालत नाही. वरून ओढणारा पंप हवेच्या दाबावर चालतो. कागदावर त्याची मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास, आणि उंचावरच्या प्रदेशात त्याहून कमी. पाणी त्याखाली असेल तर सिलिंडर, म्हणजे ज्यात दट्ट्या हलतो तो भाग, पाण्यात उतरवावाच लागतो. पंप ‘पाणी धरत नाही’ असं दिसलं की आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे नळीच्या तळाची झडप, पाहा; त्यात वाळूचा खडा अडकलेला असतो, मग वायसर. रबरी वायसर पडून पडून कडक होतात, म्हणून त्यांचा दहा वर्षांचा साठा म्हणजे फसवं समाधान. कातडी वायसर मात्र घरी बनतो. जाड कातडं पाण्यात भिजवून लाकडी साच्यात वाटीसारखं दाबायचं, सावलीत वाळवायचं, मग चरबी किंवा मेणात मुरवायचं. साचा आपल्या सिलिंडरच्या मापाचा आजच करून ठेवा.

२०-३० मीटरपर्यंत खोल उघड्या विहिरीला दोर-चकतीचा पंप मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो. नळीतून दोर वर येतो, त्याला ठरावीक अंतरावर रबराच्या चकत्या, वर टायरच्या कडेचं चाक. यात झिजतो तो दोर, आणि दोर बदलायला हत्यार लागत नाही. बोअरवेल असेल तर गोष्ट वेगळी. आतला विजेचा पंप, त्याची नळी आणि केबल भोक अडवून बसलेली असतात. यंत्र आणि माणसं मिळतात तोवरच तो एकदा उपसून काढायची तालीम करा. त्यानंतर तळाला झडप असलेली लांब नळी दोराने सोडून पाणी काढता येतं. ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाची दीड मीटर नळी एका खेपेला साडेसहा लिटर आणते.

गाळण्यासाठी मी वाळूचा जैविक फिल्टर निवडला, कारण त्यात विकत आणायचा एकही भाग नाही. खाली ५ सेंटिमीटर जाड खडी, त्यावर ५ सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर अर्धा मीटर धुतलेली, ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून उतरलेली वाळू. बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड अशा उंचीवर ठेवायचं की पाणी थांबल्यावरही वाळूवर ५ सेंटिमीटर पाणी उभं राहील. वाळूच्या वरच्या थरात जंतू खाणारा जिवंत पापुद्रा तयार व्हायला महिनाभर लागतो, आणि फिल्टरचं खरं काम तोच करतो. फिल्टर दोन दिवसांहून जास्त बंद ठेवला किंवा त्यात क्लोरीनचं पाणी ओतलं की तो मरतो. वाळू अति धुतली तर बारीक कण निघून जातात, पाणी भराभर पडतं आणि गाळणं नावापुरतं उरतं. धार मंदावली की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू हाताने ढवळून गढूळ पाणी काढून टाका. सगळी वाळू उपसू नका.

गाळलेलं पाणी तरी निर्जंतुक करावंच लागतं. खळखळून एक मिनिट उकळी पुरते, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. सरपण वाचवायचं असेल तर दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्या भरून उन्हात सहा तास. ढगाळ असेल तर दोन दिवस. पाणी मात्र आधी स्वच्छ दिसायला हवं, कारण गढूळ पाण्यातून किरण खोल जात नाहीत. क्लोरीनचं द्रावण वर्षभरात कमजोर होतं, म्हणून त्याचा मोठा साठा करण्यात अर्थ नाही. कोरडं कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीन देणारी भुकटी, हवाबंद, थंड, अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षं टिकतं. ते तेल-इंधनाजवळ ठेवलं तर आग लागू शकते, आणि हत्यारांजवळ ठेवलं तर त्याच्या वाफेने सगळं लोखंड गंजतं.

शौचालयाकडे लोक शेवटी वळतात. माझ्या मते पाण्यानंतर लगेच तेच, कारण डॉक्टर नसताना हगवण जीव घेते. दोन कोरडे कप्पे, प्रत्येकी साधारण एक घनमीटर; एकेक कप्पा पाच माणसांना दोन वर्षं पुरतो. मूत्र वेगळं वळवायचं, प्रत्येक वेळी मूठभर राख टाकायची. एक कप्पा भरला की बंद करून दोन वर्षं हात लावायचा नाही. जंतांची अंडी सगळ्यात चिवट असतात, त्यांच्यासाठी हा काळ. दुर्गंधी येऊ लागली तर आत पाणी किंवा मूत्र जातंय असं समजा. कप्पे जमिनीवर बांधा आणि विहिरीपासून निदान ३० मीटर दूर ठेवा. आणि दाराच्या आतल्या बाजूला हे लिहून ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. जुलाब झालेल्याला हेच घोट घोट द्यायचं.

धान्याचा हिशेब कॅलरीत करा. अंगमेहनत करणाऱ्या प्रौढाला रोज २,५०० ते ३,००० लागतात. माणशी वर्षाला २०० किलो धान्य-कडधान्य आणि १२ लिटर तेल धरलं तर रोजच्या सुमारे २,२०० होतात. उरलेलं जमिनीतून काढावं लागतं. पीठ आणि पॉलिश न केलेला तांदूळ काही महिन्यांत खवट होतात, म्हणून साठा अख्ख्या धान्याचा करा. मग हाताचं जातं हवं, आणि त्याला टाकी लावता येणारा, म्हणजे त्याचे दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करता येणारा माणूसही हवा.

धान्य नासतं ते ओलाव्याने. कोरड्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे सुकं मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात घाला. मीठ सुटं राहिलं तरी तेवढ्यावर थांबू नका. वर्षभर बंद ठेवायला १२ टक्क्यांच्या आसपास यावं लागतं, दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. २०० लिटरच्या पिंपात गहू दीडशे किलो बसतो. तो काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि किडे उरलेला प्राणवायू संपवून स्वतःच मरतात. पिंपात मेणबत्ती लावून झाकण बंद करायची पद्धत कामाची नाही. हवेत १५-१६ टक्के प्राणवायू उरलेला असतानाच ती विझते, आणि किडे मारायला तो ३ टक्क्यांखाली न्यावा लागतो. पिंप भिंतीपासून दूर, फळ्यांवर, सावलीत ठेवा. पत्रा दिवसा तापला आणि रात्री गार झाला की आत दव धरतं आणि वरचा थर बुरसतो.

बियाणं फक्त सरळ वाणांचं, म्हणजे ज्यांचं बी पुढच्या पिढीत तसंच उगवतं. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत विस्कटतं. ओलावा एक टक्क्याने कमी झाला की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. कांद्याचं बी एक-दोन वर्षांत संपतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं चालतं. वाल-घेवड्यासारखी स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी पिकं दहा-वीस झाडांवरही जपता येतात. मक्याचं बी मात्र निदान २०० झाडांतून धरावं लागतं, नाहीतर काही पिढ्यांत पीक खुरटत जातं. एवढी जागा एका घराकडे नसेल तर मका दोन-तीन घरांनी मिळून करायचा.

विजेवर मी फार भर दिला नाही. सौर पॅनेल २५ वर्षं चालतं, लेड-ॲसिड बॅटरी चार-सहा वर्षांत जाते, इन्व्हर्टर दहाच्या आत. म्हणून वीज बॅटरीत साठवण्याऐवजी पाण्यात साठवावी: पॅनेलवर थेट चालणारा छोटा पंप दिवसा उंचावरची टाकी भरतो. हजार लिटर पाणी २० मीटर चढवायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, दीडशे वॅट-तास पुरतात. बॅटरी फक्त दिवे आणि रेडिओसाठी, तीही निम्म्याहून जास्त उतरवायची नाही. पेट्रोल काही महिन्यांत बिघडतं, त्यावर कोणतंच काम अवलंबून ठेवू नका. सरपण फोडून, वरून झाकून, बाजूंनी उघडं रचा. ओलावा २० टक्क्यांखाली आला की धूर कमी आणि आच जास्त. बंद खोलीत कोळसा कधीही नाही.

हे सगळं कागदावर जमतं, म्हणून पारखायचं ते मेन स्विच आणि नळाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून. आधी तीन दिवस, मग दहा, आणि दुसऱ्या वेळी अगदी कोरड्या महिन्यात. या काळात बाहेरून जे जे आणावंसं वाटलं ते वहीत लिहायचं: करवतीला धार लावायची त्रिकोणी कानस, काडेपेटी, चष्म्याचा स्क्रू, सुई. त्यानंतर आणखी एक फेरी करायची, जिच्यात पंप, फिल्टर आणि बॅटरी रोज सांभाळणाऱ्या माणसाने कशालाच हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. बाकीच्यांनी वही उघडून वायसर बदलायचा. वाचून तो बदलता आला नाही, तर ते पान पुन्हा लिहायचं, मापं आणि चित्रासकट.