मी मधेच उठले

पावणेबारा झाले. झोप येत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजारावरची परिषद होती. सकाळी आठपासून नोंदणीच्या टेबलाशी उभी होते. पाय सुजलेत. तपासण्या आम्ही लॅबवाल्यांनी करायच्या आणि मंचावर आमच्यातलं कुणीच नाही, हे दिवसभर टोचत होतं. पण झोप त्यानं उडालेली नाही.

पहिलं बीजभाषण जनुकोपचारावर. वक्त्यांनी काय सुरेख समजावलं! जन्मानंतर मागं पडणारं गर्भातलं हिमोग्लोबिन बीसीएल११ए या जनुकात क्रिस्पर या जनुक-कात्रीनं बदल करून पुन्हा जागं करायचं. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं त्याला मान्यता दिली. आधी केमोथेरपी सोसावी लागते, हेही त्यांनी लपवलं नाही. माझी साडेतीन पानं भरली.

मग त्या मॅडमचं भाषण. पहिल्याच स्लाइडवर आमच्या सॉल्युबिलिटीच्या, म्हणजे सिकलसेलच्या पहिल्या चाचणीच्या, दोन नळ्या. एकीमागच्या रेघा स्वच्छ दिसताहेत, दुसरीतलं द्रावण गढूळ, रेघा गायब. म्हणजे ते रक्त पुढं खात्रीच्या तपासणीला, इलेक्ट्रोफोरेसिसला. हे तर मी रोज बघते, असं वाटलं. त्या सांगत होत्या, धानकापणीत बाया पाणी प्यायला थांबत नाहीत, वरून पहाटेची थंडी, आणि मग दुखणं उसळतं. दुखणं आटोक्यात ठेवणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल संपली की माय लेकराला घेऊन एसटीनं येते, तोवर ओपीडी बंद.

तेवढ्यात मी उठले. सव्वा वाजला होता, बाहेर पाटवडी-रश्श्याचा वास सुटला होता, मागच्या रांगा रिकाम्या होत होत्या. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. क्षणभर थांबल्या आणि पुढं बोलू लागल्या.

आई म्हणते, ‘भूक लागली म्हणून उठली, त्यात काय झालं बाप्पा!’ लागली होतीच. पण पहिल्या भाषणातही मी उपाशीच होते की. तेव्हा कशी नाही उठले?

जूनमध्ये खिडकीशी आलेल्या त्या मावशींना मी ‘उद्या या’ म्हणाले होते. लेकरू कडेवर... नको, ते आज नको.

आत्ता वही उघडली. मॅडमच्या पानावर तारीख, नाव आणि ‘पाणी, थंडी, कॅप्सूल’ एवढंच. पुढचं ऐकलंच नाही, तेव्हा मी ताट घेऊन रांगेत होते.

बरं, झालं ते झालं. उद्या फोन करून स्लाइड्स मागते. कोण म्हणून विचारतील. मधेच उठलेली मीच, असं सांगेन.