सीनमध्ये बदक कुठाय?

मी इंग्लिश सिरीजना कॅप्शन लावायचं काम करते. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी असतं ते, त्यामुळे डायलॉग तर टाकायचेच पण दार आपटलं, फोन वाजला हेही कंसात लिहायचं. त्या रात्री शिफ्टला १९६६ची बॅटमॅन आली, ती जुनी भडक रंगांची टीव्हीवाली. त्यात पेंग्विन नावाचा व्हिलन, उंच हॅट, एका डोळ्याला काच, तोंडात लांब सिगरेट होल्डर आणि दर दोन वाक्यांनी घशातून वॅक वॅक वॅक. पहाटेचे चार वाजलेले, मी बिनधास्त 'बदकाचा आवाज' टाकत गेले, चोवीस ठिकाणी.

सकाळी फाईल परत. सरांचा मेसेज, "अगं सीनमध्ये बदक कुठाय?" ग्रुपवर टाकला होता त्यांनी, असो.

मग रीवर्क करता करता हा माणूस कोण ते शोधलं. बर्जेस मेरेडिथ. सिगरेट त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलेली आणि रोलमध्ये तर ओढायचीच होती, धूर घशात गेला की ठसका लागायचा, शॉट वाया जाऊ नये म्हणून गड्याने त्या ठसक्याचंच वॅक वॅक करून टाकलं!

पण खरा धक्का फोटो बघून बसला, कारण हा तर माझा चष्मेवाला! महिन्याभरापूर्वीच मी ट्वायलाइट झोनचा १९५९चा एक एपिसोड केला होता, त्यात हा बँकेतला कॅशियर, वाचायचं वेड, बायको वाचू देत नाही म्हणून लंच टाइमला तिजोरीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो, बाहेर बॉम्ब पडून जग संपतं आणि उरतो हा एकटा नि लायब्ररीभर पुस्तकं. वाकतो काय, चष्मा पडतो काय. 'काच फुटते' हे दोन शब्द मी टाईप केले आणि पुढचा टाइमकोड नीट दिसेना. रॉकी या बॉक्सिंगवरच्या सिनेमातला म्हातारा कोच पण हाच, त्यासाठी ऑस्करचं नॉमिनेशन होतं. आणि मधे, अमेरिकेत मॅकार्थी नावाचा सिनेटर जिथे तिथे कम्युनिस्ट हुडकत होता त्या काळात, हाही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ब्लॅकलिस्ट झाला, सिनेमे मिळेनात, मग १९६२मध्ये ओटो प्रेमिंजर या दिग्दर्शकाने परत आणला. पुढे १९७७चं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळालं ते कशासाठी, तर मॅकार्थीला भर सुनावणीत झापणाऱ्या वकिलाच्या रोलसाठी. हे वाचून मी एकटीच हसले.

सरांना म्हटलं 'खोकत हसतो' लिहू का, खरं तेच आहे. ते म्हणाले, "प्रेक्षकाला ऐकू काय येतं ते लिही, त्याचं चरित्र नको." बरोबरच होतं म्हणा. शेवटी 'बदकासारखा हसतो' ठरलं. चोवीस ठिकाणी बदलून उठले तोवर माझी कॅब निघून गेलेली.