तू बघ

"आई, मी डोळे मिटते. तू बघ."

एवढं बोलून लेकीने हात माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड पलीकडे फिरवलं. बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं, केसाएवढं बारीक. माझ्या हातात सुई.

टोक लागलं तशी ती शहारली. पापणीच्या कडेला पाणी आलं. दुसऱ्या हाताने माझी बाही घट्ट धरलेली. पण दुखरा हात तिने एकदाही मागे घेतला नाही. दुखवणारी मीच, आणि धरायलाही मीच.

कुसळ निघालं, ती खेळायला पळाली. मी सुई घेऊन तिथेच बसून राहिले.

रोज देवासमोर हात जोडते, "तुझी इच्छा" म्हणते. आणि लगेच डोळे उघडून बघते, काय करतोयस, किती वेळ लागणार, दुखेल का. बाबांच्या आजारपणात तर हात पुढे केलाच नाही. मूठ आवळून ठेवली. रागच होता तो.

सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? मी तर नक्कीच नाही.

आज दिवा मालवल्यावर तिचेच शब्द म्हणून पाहिले. पुढे काही मागायचं सुचलंच नाही.