लोबुश अपडेट: वाटेकडे कोंब, भिंतीकडे पिवळेपणा

आधी माझ्या लोबुशची, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या बुटक्या ब्लूबेरीची, चांगली बातमी. वाटेच्या बाजूला, मूळ रोपापासून वीतभर लांब, पाइनच्या सुयांतून लालसर कोंब वर आलाय. बोटाने माती बाजूला केली, तर जमिनीखालच्या आडव्या खोडाचाच फुटवा! पसरायला लागली एकदाची. फुटवा बियांपासून केलेल्या रोपाचा आहे, हे विशेष. छाट कलमांची रोपं अजून जागच्या जागीच झुडपं होऊन बसलीत. जमीन झाकायची असेल तर बियांचीच रोपं घ्या. इथल्या मोठ्या दुकानांत ‘लोबुश’ म्हणून अर्ध-उंच संकरही खपवतात, लेबल नीट वाचा.

आता डोकेदुखी. घराच्या पायालगतची ओळ यंदाही पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह आहे, पण पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल, आणि ब्लूबेरीला तशीच लागते) चढला की मुळांना ते घेता येत नाही. पीएच उतरवायला गंधक गेल्या वसंतातच घातलं होतं. त्याचं आम्ल करणारे जिवाणू इथल्या, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या, गार मातीत सावकाश चालतात, म्हणून धीर धरला. बाकी वाफ्याचा पीएच उतरला, ही ओळ ढिम्म. शेवटी भिंतीपासूनच्या अंतरानुसार वेगवेगळे नमुने ओरोनोच्या विद्यापीठ प्रयोगशाळेत पाठवले. (दोन दांड्यांचं स्वस्त मीटर सगळीकडे ७ दाखवतं, त्याच्या नादी लागू नका.) एका फुटावर ६.३, दोन फुटांवर ५.६, चार फुटांवर ४.८. आकडे बघताच ट्यूब पेटली: काँक्रीटचा चुना! छपराला पन्हळ नाही, त्यामुळे पाणी पायावर आदळतं आणि चुना घेऊन वाफ्यात उतरतं. इथे गंधक घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

तिथली माती उपसून पीट (दलदलीतल्या कुजक्या शेवाळाचा आम्ल भुसा) भरायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? पीटमध्येही वर्षा-दोन वर्षांत पुन्हा चुना उतरणार. त्यापेक्षा ती पट्टी इथल्याच रानस्ट्रॉबेरीला द्यावी. तिला ६ च्या आसपास चालतं, तीही रांगते आणि पाखरांनाही आवडते. पिवळी रोपं पुढच्या वसंतात, कळ्या फुटायच्या आत, वाटेकडे हलवीन.

फळधारणा मात्र झकास. दोन वेगळ्या वाणांची रोपं शेजारी लावल्याचा फायदा दिसतोय. बंबलबी (गुबगुबीत, केसाळ रानमाशी) फुलाला उलटी लटकून अंग थरथरवते आणि पराग खाली झाडून घेते. दुपारी तो गुंजारव ऐकत बसावं. जाळी टाकणार नाही, कॅटबर्ड पाखराचा वाटा ठरलेला.

छाटणी इथल्या शेतकऱ्यांसारखी: अर्धा वाफा यंदा पानगळीनंतर जमिनीलगत, उरलेला पुढच्या वर्षी. छाटलेल्या भागाला पुढचा हंगाम फळ नाही, पण दुसरीकडचं मिळतं.